रक्तवाहिन्यांच्या आजारांचे तज्ज्ञ व्हायचं असेल तर: शिकणं, सराव आणि माणसं जोडणं

हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांचे आजार ही व्हॅस्क्युलर मेडिसिनची हद्द. पायाच्या अरुंद झालेल्या धमन्या, पोटातल्या महाधमनीचा फुगवटा, मानेतल्या कॅरोटिड धमन्या, शिरांमधल्या गुठळ्या, व्हेरिकोज व्हेन्स, लिम्फेडिमा (लसिका साचून येणारी सूज), रेनॉड (थंडीने बोटं पांढरी पडणं), व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) हे सगळं या हद्दीत येतं. एमडी मेडिसिन, सर्जरी, कार्डिओलॉजी किंवा रेडिओलॉजी करून इकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी हा लेख आहे.

या शाखेत एका पेशंटचं काम एकटा डॉक्टर क्वचितच पूर्ण करतो. मधुमेहामुळे पावलाला जखम झालेल्या माणसाचा घोट्याचा दाब एकजण मोजतो, डुप्लेक्स (रक्तप्रवाह दाखवणारी अल्ट्रासाउंड तपासणी) दुसरा करतो, वायर तिसरा टाकतो, जखमेची निगा चौथा राखतो. प्रत्येकजण आधीच्याच्या आकड्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकतो. त्यामुळे प्रशिक्षण आणि ओळखी या इथे दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. तुमचं काम दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहिलेलं असलं पाहिजे, आणि तपासल्यावर ते खरं ठरलं पाहिजे. शिकणं त्यातूनच होतं, आणि लोक तुम्हाला फोन करायला लागतात तेही त्यामुळेच.

पायरी १: रस्ता कोणता ते आधी ठरवा

या विषयाचा दर्जा देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून व्हॅस्क्युलर मेडिसिन ही स्वतंत्र शाखा आहे आणि तिथले तज्ज्ञ अल्ट्रासाउंडचा प्रोब स्वतःच धरतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये ती अँजिओलॉजी नावाने शिकवतात. अमेरिकेत मेडिसिन किंवा कार्डिओलॉजीनंतर साधारण वर्षभराची फेलोशिप असते आणि अमेरिकन बोर्ड ऑफ व्हॅस्क्युलर मेडिसिनची परीक्षा देता येते. भारतात एमसीएच आणि डीआरएनबी या पदव्या व्हॅस्क्युलर सर्जरीसाठी आहेत. मेडिसिनकडून येणाऱ्याला मुख्यतः फेलोशिप आणि प्रत्यक्ष कामातून शिकावं लागतं.

फेलोशिप निवडताना संस्थेचं नाव शेवटी पाहा. आधी हे विचारा: प्रोब माझ्या हातात येईल का, की मी फक्त तयार चित्रं वाचणार? धमन्या, शिरा, कॅरोटिड आणि महाधमनी या चारही प्रकारच्या तपासण्या पुरेशा होतात का? रिपोर्ट आधी मी लिहून मग वरिष्ठ तपासतात, की वरिष्ठ सांगतात आणि मी टाइप करतो? जखमेची ओपीडी, अँटिकोॲग्युलेशनची (रक्त पातळ करणाऱ्या औषधांची) ओपीडी आणि सर्जन-रेडिओलॉजिस्टसोबतची साप्ताहिक बैठक आहे का? हे प्रश्न विभागप्रमुखांना विचाराच, पण सध्या तिथे शिकणाऱ्यांनाही वेगळे विचारा. त्यांना 'इथे कसं आहे' असं मोघम विचारण्यापेक्षा 'गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः किती स्कॅन केले' हे विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

पायरी २: घोट्याचा दाब चोख मोजायला शिका

अँकल-ब्रेकियल इंडेक्स, म्हणजे एबीआय, हा या शाखेचा पाया आहे. साधन अगदी थोडं लागतं: ८ ते १० मेगाहर्ट्झचा हातातला डॉप्लर, जेल आणि योग्य मापाचे कफ. तपासणी सोपी दिसते, म्हणून ती नवख्या माणसावर सोपवली जाते आणि म्हणूनच ती सर्वाधिक चुकते.

पेशंटला ५ ते १० मिनिटं आडवं झोपवा. डोकं आणि टाचा दोन्ही टेकलेल्या हव्यात. खोली गार नको, आणि तपासणीआधी सिगारेट ओढलेली नको. कफची रुंदी त्या अवयवाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी. अरुंद कफ दाब खोटा वाढवून दाखवतो. पायाचा कफ घोट्याच्या हाडाच्या किंचित वर बसवा. प्रोब त्वचेशी ४५ ते ६० अंशांत धरा आणि दाबू नका, कारण पावलावरची धमनी तुमच्या बोटांच्या जोरानेही बंद होते. कफ फुगवत जा; डॉप्लरचा आवाज थांबल्यावर दाब आणखी २० मिमी (पाऱ्याचे) वर न्या आणि मग सेकंदाला साधारण २ मिमी या वेगाने सोडा. आवाज परत येतो तो आकडा लिहा. घाईने हवा सोडली की आकडा नेहमी कमी येतो.

दोन्ही दंडांचा दाब याच डॉप्लरने घ्या. स्टेथोस्कोपने दंड आणि डॉप्लरने घोटा असा संमिश्र हिशोब करू नका. दोन दंडांमध्ये १५-२० मिमीचा फरक निघाला तर हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद असण्याची शंका घ्या. आता उदाहरण: उजवा दंड १३८, डावा १४४; उजव्या पावलावरची डॉर्सालिस पेडिस ९६, घोट्यामागची पोस्टेरिअर टिबिअल १०४. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१२ च्या पद्धतीप्रमाणे घोट्याचा मोठा आकडा भागिले दंडाचा मोठा आकडा, म्हणजे १०४ भागिले १४४, साधारण ०.७२. ज्या पायाचा इंडेक्स काढायचा त्याच बाजूचा दंड वापरण्याची चूक नवखे हमखास करतात. इथे तसं केलं तर ०.७५ येईल. हा फरक आज किरकोळ वाटतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी बरोबर पद्धतीने मोजलं, की काहीच बदललेलं नसताना 'आजार वाढला' असा निष्कर्ष निघतो. म्हणून नुसता इंडेक्स न लिहिता सहाही कच्चे आकडे रिपोर्टमध्ये लिहा.

०.९० किंवा त्याखाली आजार, ०.९१ ते ०.९९ सीमारेषेवर, १.०० ते १.४० सर्वसाधारण, १.४० च्या वर धमनी दाबलीच जात नाही असा अर्थ. शेवटचा गट फसवा असतो. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, कफ तिला बंद करू शकत नाही आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असूनही आकडा छान दिसतो. काही वेळा तर तो १.१ सारखा अगदी निर्दोष येतो. जखम आहे, नाडी लागत नाही आणि एबीआय चांगला आहे, अशी विसंगती दिसली की पायाच्या अंगठ्याचा दाब घ्या. बोटांच्या धमन्यांत कॅल्शियम सहसा कमी साचतं. अंगठ्याचा इंडेक्स ०.७० किंवा कमी असेल तर तो दोष समजतात. अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी.

चालताना पोटरी दुखते पण झोपून मोजलेला इंडेक्स ठीक येतो, अशांना ट्रेडमिलवर चालवा: ताशी ३.२ किमी, १० ते १२ टक्के चढ, जास्तीत जास्त ५ मिनिटं. उतरल्यावर लगेच मोजा. घोट्याचा दाब ३० मिमीहून अधिक किंवा इंडेक्स २० टक्क्यांहून अधिक घसरला तर दुखणं धमनीचं आहे. कफ आणि डॉप्लर ट्रेडमिलशेजारी तयार ठेवा, कारण शोधाशोधीत दोन मिनिटं गेली तर दाब सावरलेला असतो.

पायरी ३: डुप्लेक्स, आणि त्याची उलटतपासणी

वाचणारा आणि स्कॅन करणारा वेगळा असला तरी वाचणाऱ्याला स्कॅन करता आलं पाहिजे. आरपीव्हीआय या आंतरराष्ट्रीय दाखल्याच्या परीक्षेसाठी नेहमीच्या मार्गात किमान ५०० तपासण्या वाचल्याची नोंद लागते. परीक्षा द्यायची नसली तरी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. मात्र सगळ्या तपासण्या एकाच प्रकारच्या नकोत. ४०० शिरांचे आणि १०० इतर असा ढीग जमला तर कॅरोटिडमध्ये तुम्ही नवखेच राहता.

कोनाकडे सुरुवातीपासून लक्ष द्या. मशीन वेग थेट मोजत नाही. ते ध्वनीच्या वारंवारितेतला फरक मोजतं आणि तुम्ही कर्सरने लावलेल्या कोनाच्या (ध्वनीचा झोत आणि रक्तप्रवाह यांमधल्या) कोसाइनने भागतं. खरा कोन ६० अंश असताना कर्सर ६५ वर लागला, तर सेकंदाला १०० सेंमीचा वेग ११८ दिसतो. तीच ५ अंशांची चूक ७० वर झाली तर १०० चे १३२ होतात. म्हणून कोन ६० किंवा त्याखाली ठेवायचा, आणि कर्सर धमनीच्या भिंतीला समांतर. कॅरोटिडमध्ये २००३ च्या रेडिओलॉजिस्टांच्या सहमतीने सेकंदाला १२५ सेंमीला ५० टक्के आणि २३० ला ७० टक्के अरुंदपणाची रेघ आखली. खरा वेग ११० असलेला माणूस कोनाच्या एवढ्याशा चुकीने १३० वर जातो आणि आजारी ठरतो.

आणखी काही चकवे. एका बाजूची कॅरोटिड पूर्ण बंद असेल तर दुसरीतला वेग भरपाईने वाढतो आणि ती खरी आहे त्याहून अरुंद भासते. उलट, जवळजवळ बंद झालेल्या धमनीत वेग घसरतो. आकड्याकडेच पाहणारा तिला निरोगी म्हणून मोकळा होतो. पायाच्या धमन्यांत निव्वळ वेगापेक्षा गुणोत्तर उपयोगी. अरुंद जागेतला वेग तिच्या वरच्या निरोगी भागाच्या दुप्पट असेल तर अरुंदपणा साधारण ५० टक्के किंवा अधिक.

शिरांची तपासणी दोन प्रकारची, आणि दोन्हींची रीत वेगळी. गुठळीसाठी प्रोबने शीर आडव्या छेदात दर १-२ सेंमीवर दाबून पाहायची. दोन्ही भिंती पूर्ण मिटल्या पाहिजेत. मांडीतली शीर बऱ्याचजणांत दुहेरी असते. एक मिटली म्हणून पुढे गेलात तर दुसरीतली गुठळी राहून जाते. पोटातल्या शिरा प्रोबने दाबून पाहणं अवघड, म्हणून जांघेतल्या शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त होतो का ते पाहा. एकाच बाजूला तो सपाट, संथ वाहत असेल तर वर अडथळा असण्याची शक्यता धरा. व्हेरिकोज व्हेन्ससाठी मात्र पेशंट उभा हवा, वजन दुसऱ्या पायावर. पोटरी दाबून झटकन सोडल्यावर उलटा प्रवाह वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून आणि मांडी-गुडघ्याच्या खोल शिरांत एका सेकंदाहून जास्त टिकला तर झडप गळते. झोपवून केलेली रिफ्लक्सची (उलट्या प्रवाहाची) तपासणी ग्राह्य धरू नका.

महाधमनीचा व्यास बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला की आतून आत, हे रिपोर्टमध्ये लिहा. दोन्हींत काही मिलिमीटरांचा फरक पडतो. पुरुषांत ५.५ सेंमीला शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो, तेव्हा ते मिलिमीटर निर्णायक ठरतात.

आता उलटतपासणी. एक साधी वही किंवा तक्ता ठेवा, त्यात पेशंटचं नाव नको, तुमचा स्वतःचा क्रमांक पुरे. रकाने असे: तारीख, तपासणीचा प्रकार, तुमचं निदान टक्क्यांसह, वरिष्ठांचा बदल, नंतरच्या सीटी-अँजिओ किंवा ऑपरेशनमध्ये काय निघालं, आणि फरक पडला असेल तर का. तुमचं निदान सीटी पाहण्यापूर्वी लिहून झालेलं असलं पाहिजे, नाहीतर वही निरुपयोगी. 'का' या रकान्यात 'कोन', 'कॅल्शियमची सावली', 'दुहेरी शीर', 'कफ लहान' अशी एकदोन शब्दांची कारणं पुरतात. दोन-तीन महिन्यांनी तेच तेच शब्द दिसायला लागतात आणि कुठे मेहनत घ्यायची ते कळतं. फेलोशिपमध्ये याहून जास्त शिकवणारं दुसरं काही नाही असं आमचं ठाम मत आहे, आणि ही वही बहुतेकजण ठेवत नाहीत.

व्हॅस्क्युलर लॅबमधले तंत्रज्ञ या काळात तुमचे खरे गुरू. अनुभवी तंत्रज्ञाच्या हातून दिवसाला जितके पाय जातात तितके प्राध्यापकांच्याही जात नाहीत. त्यांच्याशेजारी उभे राहा, मशीन पुसायला आणि पेशंट उचलायला हात लावा, आणि त्यांच्या चित्रावरून तुमचं निदान अचूक आलं तर त्यांना ते आवर्जून सांगा. त्यांना ऑपरेशनचा निकाल सहसा कोणीच कळवत नाही.

पायरी ४: तातडीचा फोन कसा करावा

अचानक रक्तपुरवठा तुटलेला पाय ही या शाखेतली सगळ्यात मोठी घाई. रदरफर्ड वर्गीकरण पाठ हवं: पहिल्या वर्गात पायाला तत्काळ धोका नाही; टू-ए मध्ये बधिरपणा नाही किंवा बोटांपुरता, ताकद शाबूत; टू-बी मध्ये बधिरपणा बोटांच्या पलीकडे आणि ताकद कमी; तिसऱ्यात पाय पूर्ण बधिर आणि लुळा, डॉप्लरवर धमनीचाही आवाज नाही आणि शिरेचाही नाही. टू-बी म्हणजे आत्ता, या तासात. तिथे स्कॅनच्या रांगेत थांबायचं नसतं.

तुम्ही कसे डॉक्टर आहात याचं मत सर्जन पहिल्या अशा फोनवरूनच बनवतो. नीट फोन असा असतो:

'सर, ६८ वर्षांचे पेशंट, उजवा पाय पाच तासांपासून गार. जांघेतली नाडी लागते, गुडघ्यामागची नाही. बधिरपणा घोट्यापर्यंत, पाऊल वर उचलायला ताकद कमी. डॉप्लरवर धमनी नाही, शीर आहे. टू-बी धरतोय. एट्रियल फिब्रिलेशन आहे, रक्त पातळ करायची गोळी आठवड्यापासून बंद. हेपरिन दिलंय, क्रिएटिनिन आणि क्रॉसमॅच पाठवलंय. थेट थिएटरला आणू का?'

हे अर्ध्या मिनिटात होतं. वेळ, नाड्या, संवेदना, ताकद, दोन्ही आवाज, कारण, काय दिलंय आणि काय हवंय, सगळं आलं. 'सर, पाय निळा वाटतोय, बघता का' एवढ्यावर समोरच्याला सात प्रश्न विचारावे लागतात आणि पाच मिनिटं जातात. ताकद स्वतः तपासल्याशिवाय फोन लावू नका. टू-ए आणि टू-बी मधली रेघ तिथेच आहे.

पायरी ५: ज्यांची गरज लागणार, त्यांच्याशी आधीच बोला

संकटाच्या रात्री ओळख करून घेणं उशिराचं ठरतं. पहिल्या दोन महिन्यांत या लोकांना त्यांच्या जागी जाऊन भेटा: व्हॅस्क्युलर सर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, रक्तविकारतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ, डायलिसिसची टीम, जखमेची नर्स, पावलांची काळजी घेणारा, कृत्रिम पाय बसवणारा. गरोदरपणातल्या गुठळीसाठी प्रसूतितज्ज्ञ आणि कॅन्सरमधल्या गुठळीसाठी ऑन्कोलॉजिस्ट हे दोघेही हवेत; त्यांचे पेशंट तुमच्याकडे येणारच. भेटीत एकच विचारा: 'तुमच्याकडे पेशंट पाठवताना माझ्या चिठ्ठीत काय असलं तर तुमचं काम हलकं होईल?' उत्तरं वेगवेगळी येतात. रेडिओलॉजिस्टला क्रिएटिनिन आणि जांघेची स्थिती हवी असते, सर्जनला सॅफेनस शिरेचं (बायपाससाठी वापरायच्या पायातल्या शिरेचं) माप, जखमेच्या नर्सला आधीचं ड्रेसिंग काय होतं ते.

पावलाच्या जखमेबद्दल लिहिताना वायफाय (WIfI) वर्गीकरण वापरा: जखम, रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग या तिन्हींना ० ते ३ गुण. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीने २०१४ मध्ये ते आणलं. शिरांच्या आजारासाठी सीईएपी (CEAP) वर्गीकरण, त्याची ताजी आवृत्ती २०२० ची. 'बरीच मोठी जखम' याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो, 'जखम २, रक्तपुरवठा ३, संसर्ग १' याचा एकच अर्थ निघतो.

पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना उत्तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्या. पत्राच्या वरच्या तीन ओळी: निदान काय, आज काय बदललं, कोणतं लक्षण दिसलं तर लगेच परत पाठवायचं. बाकी तपशील खाली. अँटिकोॲग्युलंट सुरू केलं असेल तर किती दिवस आणि ते कोण थांबवणार हे लिहिलंच पाहिजे. हे न लिहिल्यामुळे तीन महिन्यांची गोळी वर्षभर चालू राहते किंवा तीन आठवड्यांत बंद पडते.

साप्ताहिक बैठकीत नवख्याने केस मांडायची असेल तर दोन मिनिटं, चार स्लाइड: पेशंट किती चालतो आणि त्याला काय हवंय, दाबाचे आकडे, एक निवडक चित्र, आणि प्रश्न. प्रश्न नसलेली केस मांडू नका.

पायरी ६: वाचन

मार्गदर्शक तत्त्वांपासून सुरुवात करा. परिघीय धमनीविकारासाठी अमेरिकन आणि युरोपियन हृदयरोग संस्थांची २०२४ ची, आणि पाय गमावण्याच्या टप्प्यावरच्या आजारासाठी २०१९ ची ग्लोबल व्हॅस्क्युलर गाइडलाइन्स. मूळ चाचण्या एकेक करून वाचल्या तर लवकर विसरतात, म्हणून जोड्यांनी वाचा. सगळ्यात शिकवणारी जोडी म्हणजे २०२२ ची बेस्ट-सीएलआय आणि २०२३ ची बेसिल-२. पहिलीत, ज्यांची सॅफेनस शीर चांगली होती त्यांना बायपासचा फायदा दिसला. दुसरीत, आधी एंडोव्हॅस्क्युलर (धमनीच्या आतून केलेले) उपचार घेतलेल्यांचं पाय शाबूत ठेवून जगण्याचं प्रमाण बरं निघालं. विरोध का? बेस्ट-सीएलआयमध्ये १८०० हून अधिक पेशंट, बेसिल-२ मध्ये ३४५. बेसिल-२ मधल्या सगळ्यांनाच गुडघ्याखालच्या धमनीचं काम हवं होतं. पहिलीच्या निकषात पायावरचे मोठे पुनर्हस्तक्षेप मोजले होते, दुसरीचा निकष मोठं विच्छेदन किंवा मृत्यू, आणि तिथला फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला. हे चार मुद्दे फळ्यावर मांडून जर्नल क्लब घेतला तर तासभर पुरत नाही. औषधांसाठी तशीच जोडी २०१७ ची कंपास आणि २०२० ची व्हॉयेजर.

नियतकालिकांपैकी 'व्हॅस्क्युलर मेडिसिन' आणि 'वासा' ही या शाखेची. सर्जरीची नियतकालिकंही चाळत राहा.

पायरी ७: कॅथेटरच्या खोलीत

स्वतः हस्तक्षेप करणार नसलात तरी काही दिवस आत उभे राहा. फ्रेंच मापाचा एक आकडा म्हणजे एक तृतीयांश मिमी. पण शीथचं (धमनीत बसवलेल्या प्रवेशनळीचं) माप आतल्या व्यासाचं असतं आणि कॅथेटरचं बाहेरच्या, म्हणून ६ फ्रेंचचं कॅथेटर ६ फ्रेंचच्या शीथमधून जातं आणि धमनीला पडणारं भोक मात्र ६ पेक्षा मोठं असतं. जांघेत जमलेलं रक्त समजून घ्यायला एवढं माहीत हवं. डोसीमीटर (किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) पहिल्या दिवसापासून लावा. आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे व्यावसायिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, डोळ्यांसाठीही तेवढीच. बघ्याने दोन पावलं मागे उभं राहावं. अंतर दुप्पट झालं की किरणोत्सर्ग साधारण चौथाईवर येतो.

पायरी ८: परिषदा

लंडनचं चेरिंग क्रॉस सिंपोझियम, न्यूयॉर्कचं नोव्हेंबरमधलं वीथ, लाइपझिगचं थेट केसेससाठी प्रसिद्ध असलेलं लिंक, ही मोठी नावं आणि तिथे भर हस्तक्षेपांवर. मेडिसिनच्या बाजूने येणाऱ्याला सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर मेडिसिन, युरोपियन सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर मेडिसिन आणि गुठळ्यांसाठी आयएसटीएच (रक्त गोठण्याच्या विकारांची आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्या बैठका जास्त जवळच्या. वर्षाला एक मोठी परिषद आणि एक हातांनी करून शिकवणारी छोटी कार्यशाळा पुरे. सभासदत्व प्रशिक्षणार्थी गटात घ्या, शुल्क बहुधा कमी असतं.

रिकाम्या हाताने जाऊ नका. पोस्टर न्या. अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत परिषदेच्या काही महिने आधी संपते. 'निष्कर्ष परिषदेत सांगू' असं लिहिलेले अ‍ॅबस्ट्रॅक्ट परीक्षक बाजूला ठेवतात; आकडे हवेतच. केस रिपोर्टसाठी केअर आणि निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब ही यादी समोर ठेवून लिहा. ए-झीरो पोस्टर ८४.१ बाय ११८.९ सेंमीचं, उभं की आडवं ते आयोजकांच्या सूचनेत असतं, छापण्याआधी पाहा. निष्कर्ष दोन मीटरवरून वाचता यावा. उलटतपासणीची वही ठेवली असेल तर पोस्टरचा विषय तिच्यातच सापडेल.

पेशंटची ओळख कशी फुटते ते जाणून घ्या. डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या) फाइलमधलं नाव काढलं तरी अल्ट्रासाउंडच्या चित्रावर कोपऱ्यात ते छापलेलं राहतं. स्लाइडमध्ये चित्र कापून नाव लपवलं तरी फाइल दुसऱ्याला दिली की कापलेला भाग परत ओढून काढता येतो. 'कापलेला भाग कायमचा काढा' हा पर्याय वापरा किंवा आधीच कापलेलं चित्र घाला. दुर्मीळ आजार, तारीख आणि गाव एकत्र आले तर नावाशिवायही माणूस ओळखू येतो. उपचाराची संमती आणि शिकवण्यासाठी चित्र वापरण्याची संमती वेगवेगळी घ्या.

तिथे गेल्यावर सगळी सत्रं गाठायचा अट्टहास नको. आदल्या दिवशी तीन निवडा आणि प्रत्येकासाठी एक वाक्याचा प्रश्न लिहून ठेवा. ज्यांना भेटायचं त्यांना दोन आठवडे आधी कळवा. पोस्टरच्या ठरलेल्या वेळी जागेवर उभे राहा. बहुतेक उपयोगी संभाषणं तिथेच होतात, आणि ती बरेचदा तुमच्याच वयाच्या लोकांशी होतात. त्यांना कमी लेखू नका, पुढची तीस वर्षं त्यांच्याशीच पत्रव्यवहार होणार आहे. परतल्यावर आठवड्याच्या आत एखादी ठोस गोष्ट पाठवा: ज्या लेखाबद्दल बोलणं झालं तो, किंवा त्या केसचं पुढे काय झालं ते.

कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत उपकरण हाताळायला छान मिळतं. तिथे एक गोष्ट पाहा: गुंतागुंत झालेल्या केसेस दाखवतात का. नुसत्या यशस्वी केसेस असतील तर तंत्र शिका, निष्कर्ष घरी आणू नका. आणि कंपनीने खर्च केला असेल तर तुमच्या पुढच्या भाषणात तो उघड सांगा.

पायरी ९: दुसऱ्या केंद्रात निरीक्षक म्हणून जाणं

विनंतीचं पत्र दहा ओळींत बसवा: तुम्ही कोण, सध्या काय करता, आतापर्यंत किती आणि कोणत्या तपासण्या वाचल्या, नेमकं काय शिकायचंय, किती आठवडे, कोणत्या तारखांना, खर्च कोण करणार. 'तुमच्या महान संस्थेत काहीही शिकायला आवडेल' याला उत्तर येत नाही. 'अंगठ्याचा दाब आणि ट्रेडमिलची तपासणी तुमच्या लॅबमध्ये कशी प्रमाणित केली आहे ते चार आठवडे पाहायचं आहे' याला येतं. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या केंद्राकडे वळा. निरीक्षकाला पेशंटला हात लावता येतो का, लसीकरणाचे कोणते पुरावे लागतात, विमा लागतो का, हे लेखी विचारून घ्या, कारण यातल्या एका कागदावाचून पहिला आठवडा बाहेर बसून काढावा लागू शकतो.

तिथल्या लॅबची लिखित कार्यपद्धती पाहायला मागा, आणि परवानगी असेल तर तिची प्रत आणा. परत आल्यावर तुमच्या लॅबमधली एकच रीत तिच्याशी ताडून पाहा: कफची मापं, कोनाचा नियम किंवा रिपोर्टचा साचा. बदल केला तर आधीच्या आणि नंतरच्या पन्नासेक तपासण्या सीटीशी ताडून त्याचा तक्ता त्या केंद्राला पाठवा. पुढच्या वर्षीचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन्ही केंद्रांच्या नावाने त्यातून तयार होऊ शकतं.